गोदावरीबाईंच्या गौरवाचा ठराव आणणार असाल, तर त्यात तारखा आणि रकमा घाला

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : गोदावरी परुळेकर यांच्या गौरवाचा ठराव, त्याचा मसुदा, पैसा आणि पाठपुरावा

सन्माननीय सदस्यहो,

८ ऑक्टोबर २०२६ रोजी गोदावरी परुळेकर यांच्या निधनाला ३० वर्षं होतात. ठाणे जिल्ह्यातल्या वारली शेतमजुरांच्या वेठमुक्तीच्या लढ्याच्या त्या नेत्या, आणि पुढे १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्यांच्या गौरवाचा ठराव सभागृहात यायला हवा, पक्ष कोणताही असो. आम्ही शेतमजुरांच्या मजुरीच्या आणि वेठबिगारीच्या प्रकरणांत काम करणारे कार्यकर्ते आणि वकील आहोत. आमचं म्हणणं एवढंच, की ठराव असा लिहा की तो मंजूर झाल्यावर डहाणू आणि जव्हारच्या उपविभागीय कार्यालयांत काही फायली हलतील.

कशासाठी ठराव लागत नाही, ते आधी सांगतो. सरकारी कार्यालयांत जयंती साजरी व्हावी, तसबिरीला हार घातला जावा, ही मागणी असेल तर सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी थोर व्यक्तींच्या जयंत्यांचं परिपत्रक काढतो. त्या यादीत एका नावाची भर एका पत्रानं पडू शकते. तलासरीत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहेच. एवढ्यासाठी सभागृहाचा वेळ घेऊ नये. अशासकीय ठरावाची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडायच्या ठरावाची, संधी चिठ्ठीत नाव निघालं तरच मिळते, ती हारावर घालवायची नसते.

भाषणांत नेहमी घसरणाऱ्या काही तपशिलांबद्दल आता. ‘बाई जंगलात गेल्या आणि आदिवासी जागे झाले’ अशी मांडणी होते. घटनाक्रम उलट आहे. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची स्थापना परिषद झाली, तिथे उंबरगाव तालुक्यातले काही वारली स्वतःहून आले. माह्या धांगडा त्यांत होते. आपली गाऱ्हाणी त्यांनी त्या व्यासपीठावर मांडली आणि मगच गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर त्या भागात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी इथे पाच हजारांहून अधिक आदिवासींची परिषद भरली. तिथले निर्णय मोजके होते : वेठ करायची नाही, जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर १२ आणे रोज रोख मिळाल्याशिवाय काम करायचं नाही, मारहाण झाली तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जोडप्याला राबवून घेणारी लग्नगड्याची पद्धत याच काळात मोडली.

गवताची मजुरी हा वेगळा मुद्दा आहे. १२ आण्यांशी त्याची गल्लत होते. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये मागणी होती ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. मजुरी वजनावर ठरली की काटा कोणाच्या हातात हा प्रश्न आपोआप येतो, म्हणून मागणी करताना वजन आणि पैसा दोन्ही सांगावे लागले. संपाची वेळही विचारपूर्वक निवडलेली होती. पावसानंतर गवत कापणीला येतं, थोडे आठवडे उभं राहतं आणि मग वाळून त्याचा भाव जातो. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणाऱ्याला तेवढ्या आठवड्यांत मजूर लागतोच.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाचजण गेले. त्या दिवशी गोदावरीबाई तिथे सभा घेणार असल्याची अफवा पसरवली गेली होती, लोक त्यासाठी जमले होते आणि बाई तिथे नव्हत्याच. भाषणात ‘बाईंच्या सभेवर गोळीबार’ असं म्हणू नका. ७ जानेवारी १९४७ ला नानिवली इथे पुन्हा गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले. भूगोलही सांभाळा : तेव्हाचा उंबरगाव तालुका १९६० नंतर बहुतांश गुजरातेत आहे, आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. ठरावात ‘पालघर जिल्ह्यातील १९४५ चा लढा’ असं छापलं गेलं तर ते कायमचं छापलं जाईल.

थोडक्यात, त्या लढ्याच्या मागण्यांत आकडे होते, परिमाणं होती आणि हंगाम होता. गौरवाच्या ठरावात ते काहीच नसेल तर तो गौरव नेमका कशाचा?

आजच्या परिस्थितीचा हिशेब एका उदाहरणानं मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण मांडणी कोणत्याही वीटभट्टीवरच्या वहीत दिसेल अशीच आहे. जव्हार-मोखाड्याचं जोडपं गणपतीच्या सुमारास ५०,००० रुपये बयाणा घेतं. दिवाळीनंतर भिवंडीकडच्या भट्टीवर जातं. तिथे आठवड्याला १,००० रुपये खर्ची मिळते, म्हणजे जेवणाखाणापुरते. २६ आठवड्यांचा हंगाम धरला तर खर्चीचे २६,००० होतात. एकूण नावे पडले ७६,०००. हजार विटांना ६०० रुपये दर आहे. दोघं मिळून दिवसाला ८०० विटा पाडतात, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे १५६ दिवसांत १,२४,८०० विटा, जमा ७४,८८०. सहा महिने राबून १,१२० रुपये अंगावर राहिले. यातून फुटलेल्या आणि अवकाळीत भिजलेल्या कच्च्या विटा दहा टक्के वजा केल्या तर आणखी ७,४८८ गेले, आणि बाकी ८,६०८ झाली. ती पुढच्या हंगामाच्या बयाण्यात आधीच लिहिली जाते.

आता हीच रक्कम उलटी करून पाहा. एकही वीट वजा न करता ७४,८८० भागिले १५६ म्हणजे दोघांना मिळून दिवसाला ४८०, माणशी २४०. हा आकडा त्या दिवशी लागू असलेल्या किमान वेतनाच्या दराशी ताडायचा. तो कमी भरला, तर १९८२ च्या आशियाड कामगारांच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या, निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं तत्त्व लागू होतं : किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरी. एवढा भागाकार करायला तहसीलदाराला दहा मिनिटं पुरतात. बहुतेक पंचनाम्यांत तो नसतो.

कायदा अपुरा नाही. १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम आजही जसाच्या तसा लागू आहे, नव्या चार कामगार संहितांनी तो गिळलेला नाही. त्याच्या कलम ६ नुसार वेठीचं कर्ज संपुष्टात येतं. कलम १५ नुसार कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी धनकोवर आहे, मजुरावर नाही. कलम १६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे (आणि दोन हजारांपर्यंत दंड, जो १९७६ पासून तेवढाच राहिला). कलम २१ नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला हे खटले संक्षिप्त पद्धतीनं चालवायचे अधिकार देता येतात. कलम १३ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती हवी. जिल्हा समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष, अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक सदस्य, दोन सामाजिक कार्यकर्ते, ग्रामविकासाशी संबंधित जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी आणि पतसंस्था किंवा बँकांचा एक.

अडतं कुठे, ते आम्ही रोज पाहतो.

पहिली अडचण जबाबाची. चौकशीला गेलेला अधिकारी भट्टीवरच, मालक आणि मुकादम समोर असताना, मजुराला विचारतो, ‘तुला इथे डांबून ठेवलंय का?’ मजूर नाही म्हणतो, आणि अहवालात ‘वेठबिगारी आढळली नाही, मजुरीचा वाद आहे’ असं येतं. कायद्याला साखळदंड लागत नाहीत. आगाऊ रकमेच्या बदल्यात काम करावं लागणं, आणि त्यापायी दुसरीकडे कामाला जाण्याचा, फिरण्याचा किंवा बाजारभावानं श्रम विकण्याचा हक्क जाणं किंवा नाममात्र मजुरीवर राबावं लागणं, यातली एक गोष्ट पुरते. म्हणून प्रश्न असे हवेत : बयाणा किती आणि कोणी दिला, दर काय ठरला, वही कोणाकडे, हिशेब मिटण्याआधी दुसऱ्या भट्टीवर गेलास तर काय होईल. आणि जबाब भट्टीपासून दूर, नवरा-बायकोचे स्वतंत्र. वहीत नाव सहसा नवऱ्याचंच असतं, त्यामुळे बाईची मजुरी कागदावर उमटतच नाही, आणि पुढे पुनर्वसनाच्या यादीतूनही ती सुटते.

दुसरी अडचण ‘निरंक’, म्हणजे काहीच आढळलं नाही अशा, अहवालाची. एका तहसीलदारानं वेठबिगारी आढळल्याचं लिहिलं की त्याच्यामागे मुक्ती प्रमाणपत्र, गुन्हा, खटला, पुनर्वसन हे सगळं लागतं, शिवाय आजवरचे निरंक अहवाल कसे गेले याचं उत्तरही. निरंक लिहिलं की काहीच लागत नाही. इथे अधिकाऱ्याच्या भलेबुरेपणापेक्षा रचनेचा दोष मोठा आहे. वेठबिगारी सापडण्याला शिक्षा आणि न सापडण्याला बक्षीस असेल तर ती सापडणार नाही.

तिसरी अडचण दोन जिल्ह्यांची. सुटका ठाण्यात, घर पालघरात. मुक्ती प्रमाणपत्र कामाच्या ठिकाणचा उपविभागीय दंडाधिकारी देतो, पुनर्वसन मूळ गावच्या जिल्ह्यानं करायचं. मधल्या प्रवासात फाईल थांबते. मजूर मात्र थांबत नाही, पुढच्या बयाण्याची वेळ झालेली असते.

चौथी, पैशाची. ही सगळ्यात अनाकलनीय, कारण पैसा आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, महिला आणि मुलांना दोन लाख, अतिशय टोकाच्या शोषणात तीन लाख रुपये आहेत. सुटकेनंतर लगेच द्यायची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि तिचा खटल्याच्या निकालाशी काही संबंध नाही. खर्च केंद्राचा आहे, राज्यानं हिस्सा घालायची अट नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायम निधी जिल्हाधिकाऱ्याच्या हाती असावा, त्यातून आधी द्यावं आणि मग केंद्राकडून भरून घ्यावं, अशी रचना आहे. निधीचं खातं नसतं, किंवा असतं पण आधीची रक्कम खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलेलं नसतं, म्हणून भरपाई येत नाही आणि खातं कोरडं राहतं. उरलेल्या रकमेसाठी लिपिक शिक्षेचा आदेश मागतो. खटला संपला नसला तरी जिल्हाधिकाऱ्याचा प्रथमदर्शनी निष्कर्ष असेल तर केवळ शिक्षा झाली नाही म्हणून मदत रोखू नये, हे योजनेतच लिहिलेलं आहे. त्या परिच्छेदाची छायाप्रत आम्ही अर्जाला जोडतो, आपणही जोडत चला.

आता ठरावाकडे. अशासकीय ठराव हा शासनाला केलेली शिफारस असतो, कायदा नव्हे. त्यामुळे ‘सभागृह आदर व्यक्त करते’ असं वाक्य मंजूर झालं तर त्यावर कोणत्याही विभागाला काहीही करायचं उरत नाही. कृती मागायची तर कोणत्या विभागानं, काय, कधीपर्यंत, हे ठरावातच असलं पाहिजे. नियमांची बंधनंही लक्षात घ्या : ठराव एका निश्चित प्रश्नापुरता असावा, त्यात युक्तिवाद, उपरोध, कोणावर आरोप नसावा, न्यायप्रविष्ट बाब नसावी. ‘जमीनदारांच्या जुलमी राजवटीत’ अशी सुरुवात केली तर सचिवालय तो शब्द काढेल किंवा ठरावच परत करेल. ऊसतोड, भट्टी, मासेमारी, वनहक्क असं सगळं एकाच ठरावात कोंबलं तरी तेच होईल. गौरव आणि कृती एका वाक्यात बसवता येतात. आमचा मसुदा असा :

‘ही विधानसभा शासनास अशी शिफारस करीत आहे की, शेतमजूर व आदिवासींच्या वेठमुक्तीच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या स्मृतीस अभिवादन म्हणून, वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ ची पालघर, ठाणे, रायगड व नाशिक या जिल्ह्यांतील अंमलबजावणी पुढीलप्रमाणे करण्यात यावी : (एक) जिल्हा व उपविभाग स्तरावरील सर्व दक्षता समित्या विहित सदस्यांसह ३१ डिसेंबर २०२६ पूर्वी गठित वा पुनर्गठित कराव्यात, (दोन) त्याच मुदतीत प्रत्येक जिल्ह्यात किमान दहा लाख रुपयांचा पुनर्वसन निधी उपलब्ध ठेवावा, (तीन) प्रत्येक मुक्ती प्रमाणपत्राची प्रत ते दिल्याच्या दिवशीच मूळ गावच्या जिल्हाधिकाऱ्यास पाठवावी, (चार) दरवर्षी १० ऑक्टोबर रोजीच्या स्थितीनुसार तपासणी, मुक्ती, खटले व पुनर्वसन यांची जिल्हानिहाय संख्या लगतच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी.’

चौथ्या कलमात ‘तपासणी’ हा शब्द मुद्दाम आहे. फक्त मुक्तीचा आकडा मागितला तर उत्तर शून्य येईल आणि शून्याचं कौतुक होईल. किती भट्ट्या, किती फार्महाऊस, किती कोळसाभट्ट्या तपासल्या हा आकडा शेजारी असला की शून्य कशाचं आहे ते कळतं. पहिल्या कलमातली मुदतही कारणानं आहे. नेमलेल्या सदस्यांची मुदत दोन वर्षं असते. समिती एकदा नेमली आणि विसरली की तिसऱ्या वर्षी ती कागदावर उरते.

आता वेळेचं. हा ठराव ऑक्टोबरच्या आधी यायचा तर पावसाळी अधिवेशनातच यायला हवा, कारण हिवाळी अधिवेशन त्यानंतर असतं. सूचना वेळेत द्या आणि एकट्यानं देऊ नका. चिठ्ठीत कोणाचं नाव निघेल सांगता येत नाही, म्हणून निरनिराळ्या पक्षांच्या जितक्या सदस्यांनी स्वतंत्रपणे हीच सूचना दिली तितकी शक्यता वाढते. परिषदेतही वेगळा ठराव लागेल, एका सभागृहाचा दुसऱ्याला चालत नाही. आणि अधिवेशन संस्थगित झालं, म्हणजे त्याची रीतसर समाप्ती झाली, की चर्चेला न आलेल्या सूचना संपतात, पुढच्या वेळी नव्यानं द्याव्या लागतात.

नेहमीचा शेवट आपण जाणताच : मंत्रीमहोदय उत्तर देतात, ‘भावनांशी शासन सहमत आहे, ठराव मागे घ्यावा’, आणि ठराव मागे घेतला जातो. घ्यायचाच झाला तर आधी मुदत आणि रक्कम यांसह आश्वासन कार्यवृत्तात नोंदवून घ्या. ‘तपासून पाहू’ हे आश्वासन ठरत नाही. ‘३१ डिसेंबरपूर्वी समित्या गठित करू’ हे ठरतं, आणि मग ते, मंत्र्यांची आश्वासनं पाळली गेली का हे पाहणाऱ्या, आश्वासन समितीच्या यादीवर येतं.

या सभागृहाला हे जमत नाही असं नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. त्याआधी १९७५ मध्येच व्यवसाय कर लावून तिच्या पैशाची सोय केली होती. पैसा आधी आणि हक्क मागाहून, हा क्रम आमच्या मते त्या कायद्याचा सगळ्यात शहाणा भाग होता.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियाचं पाहा. १९६५ च्या ८ सप्टेंबरला डेलानो इथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. त्यांचे नेते लॅरी इटलियाँग. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट. म्हणजे तिथेही तासाचा आणि नगाचा, दोन्ही दर. १९७७ मध्ये इटलियाँग वारले. राज्याच्या विधिमंडळानं २०१५ मध्ये २५ ऑक्टोबर हा त्यांचा दिवस ठरवला, पण त्याआधी २०१३ मध्ये फिलिपिनो मजुरांचा वाटा शालेय अभ्यासक्रमात घेण्याचा कायदा केला. २०१६ मध्ये शेतमजुरांच्या जादा कामाच्या मोबदल्याचा कायदा आला. त्याची पायरी-पायरीनं रचना मसुदा करणाऱ्यानं अभ्यासावी अशी आहे : मोठ्या मालकांसाठी २०१९ मध्ये दिवसाला साडेनऊ तासांनंतर दीडपट, २०२० मध्ये नऊ, २०२१ मध्ये साडेआठ, २०२२ मध्ये आठ. लहान मालकांना तीन वर्षं जास्त. प्रत्येक पायरीला तारीख असल्यामुळे कोणी मागे राहिला ते लगेच दिसतं.

ठरावात न बसणाऱ्या गोष्टींसाठी आपल्याकडे इतर आयुधं आहेत. समित्यांच्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तं तारांकित प्रश्नात मागा. निधी खात्याची शिल्लक अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचनेवर काढता येईल. आंतरजिल्हा फायलींसाठी लक्षवेधी योग्य. ऊसतोडीच्या उचलीचा प्रश्न बयाण्याचाच भाऊ आहे, पण त्यात मुकादम, कारखाना आणि दोन राज्यं येतात, म्हणून त्याला स्वतंत्र ठराव द्यावा. १९७६ च्या नियमांनुसार मुक्त मजुरांची नावं-पत्ते, त्यांचं उत्पन्न आणि दिलेले लाभ यांच्या नोंदवह्या ठेवणं बंधनकारक आहे. मतदारसंघातल्या उपविभागीय कार्यालयात जाऊन त्या वह्या समोर मागवायला अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. समितीत कोणाकोणाची नेमणूक आहे आणि त्यांची मुदत कधी संपली, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. सूचनेचा मसुदा भरताना ते लागेल.

आपले,
शेतमजुरी आणि वेठबिगारीच्या प्रकरणांत काम करणारे कार्यकर्ते आणि वकील